नीटच्या तयारीसाठी टॅब : आयपॅड, शाओमी का सॅमसंग?

गोदाकाठचा
राम राम मंडळी. जरा मोठं लिहायलोय, पण नीट वाचून सांगा. धाकटी बहीण दहावी झाली, मार्क चांगले पडले, आता अकरावी-बारावी आणि नीटसाठी लातूरला ठेवायलोय. ट्युशन एरियातच मुलींच्या होस्टेलवर जागा मिळाली. क्लासवाले म्हणायलेत लेक्चरचं रेकॉर्डिंग, टेस्टचे पेपर, नोट्सच्या पीडीएफ सगळं ॲपवर असतं, बारक्या मोबाईलवर डोळे फोडण्यापेक्षा टॅब घ्या. घरी ठरलंय की स्मार्टफोन द्यायचा नाही, बोलायला साधा बटनाचा फोन आणि अभ्यासाला टॅब. अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून पस्तीस हजार बाजूला काढून ठेवलेत, त्यात टॅब, पेन, कव्हर सगळं बसलं पाहिजे. वर एक रुपया मागायचा नाही असं मीच ठरवलंय.

तीन डोक्यात आहेत. साधा आयपॅड (ए१६ चिपवाला), शाओमी पॅड ७ आणि सॅमसंगचा टॅब एस९ एफई. व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय, प्रत्येक जण गेम किती फ्रेमवर चालतो ते सांगतोय, मला त्याचं काय करायचं? ज्यांच्या घरी पोरं खरंच टॅबवर अभ्यास करतात त्यांनी सांगा.

जालनेकर
दादा, डोळे झाकून आयपॅड. ए१६ वाला मार्च २०२५ ला ३४,९०० ला आला, सेलमध्ये खाली येतो, आणि आता सुरुवातच १२८ जीबीपासून आहे, आधीच्या मॉडेलला ६४ च होती त्यामुळे लोक वैतागायचे. आयपॅडचं मुख्य म्हणजे तो टिकतो. २०१९ साली आलेल्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ चं आयपॅडओएस १८ सुद्धा मिळालं, म्हणजे पाच वर्षांनी नवीन सिस्टिम. तुमच्या बहिणीची दोन वर्षं बारावी, समजा एक वर्ष रिपीट, पुढं मेडिकलची साडेपाच वर्षं, निम्मं तरी त्याच मशीनवर निघेल. विकायला काढला तरी पैसे येतात.

पेनचं म्हणाल तर ॲपलचं यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ला आहे, ते घेऊच नका. दुसऱ्या कंपन्यांचे दीड-दोन हजारांचे पेन आयपॅडवर एकदम व्यवस्थित चालतात, हात टेकवला तरी रेघोट्या उठत नाहीत. दाब देऊन जाड-बारीक रेघ येत नाही, पण ती ॲपलच्या त्या ७,९०० वाल्यातही येत नाही. नोट्स काढायला कोणाला लागते ती?

नांदेडचा दुकानदार
मी तिन्ही विकतो त्यामुळं मला कोणाची बाजू घ्यायची नाही. फक्त बेरीज नीट करा, गिऱ्हाईक इथंच फसतं.

आयपॅड ३४,९००, त्यावर पेन दोन हजार, कव्हर आणि काच दीड-दोन हजार. सेल नसला तर पस्तीसच्या बाहेर गेलात. शाओमी पॅड ७ आला तेव्हा सुरुवात २७,९९९, पण पेन वेगळा, कंपनीचा ५,९९९ ला, म्हणजे ३४ हजार झाले आणि कव्हर राहिलं. एस९ एफई २०२३ च्या ऑक्टोबरात ३६,९९९ ला आला होता, आता जुना झाला म्हणून सेलमध्ये तीसच्या आत बाहेर मिळतो आणि सॅमसंगचा स्वतःचा पेन, एस पेन, डब्यातच येतो. त्याच्या नंतरचा एस१० एफई आलाय पण तो ४२,९९९ ला आला, तुमच्या बजेटमधी नाही, त्याचा विचारच सोडा.

दुसरं, एस पेनला चार्जिंग लागत नाही. आत बॅटरीच नाही, स्क्रीनच्या खाली जी जाळी असते तिच्यातूनच त्याला लिहिण्यापुरती वीज मिळते. होस्टेलवर एका खोलीत तीन-चार पोरी, भिंतीला एक बोर्ड, त्यात दोन प्लग, त्यावर सगळ्यांचे फोन. तिथं पेन चार्ज करायची वेगळी कटकट नको. पेपरच्या आदल्या रात्री पेन बंद पडला म्हणून दुकानात धावत आलेले पालक मी बघितलेत.

आणि सगळ्यांना सांगतो, या तिन्हींना साधी इअरफोनची पिन नाही. टाइप-सी वाला इअरफोन घ्या नाहीतर ब्लूटूथ. बजेटमधी ते पण धरा.

अंबाजोगाईची
मी दोन वर्षं लातूरला होस्टेलवरच काढलीत, आता मेडिकलला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितेय कारण हे कोणी सांगत नाही.

नीटवाल्या मुलीचा टॅबवर सगळ्यात जास्त वेळ लेक्चर बघण्यात जात नाही, पीडीएफ वाचण्यात आणि त्यावर लिहिण्यात जातो. बायोलॉजीचं एनसीईआरटी ओळ न ओळ वाचायचं असतं, ते पुस्तक एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहे, डाउनलोड करायचं आणि समासात लिहीत जायचं. टेस्टमधे जो प्रश्न चुकला तो ज्या ओळीवरून आलता त्या ओळीशेजारी तारीख टाकायची. मी असंच करायचे, दुसऱ्या वर्षी ते पान उघडलं की कुठं कुठं आपटलेय ते दिसायचं. आता हे करायचं तर पान पूर्ण दिसलं पाहिजे, झूम करत बसलं की माणूस लिहिणं सोडून देतो.

म्हणून इंच विचारताना आडवे-तिरपे इंच विचारू नका, टॅब उभा धरल्यावर रुंदी किती ते बघा. आयपॅडची स्क्रीन उभी धरली की रुंदी सव्वासहा इंचाच्या जवळ भरते, शाओमी पॅड ७ ची पण तेवढीच. एस९ एफई लांबट आहे, सिनेमाला चांगला, पण उभा धरला की पावणेसहा इंचच. अर्धा इंच म्हणजे काय होतंय असं वाटतं, पण ए४ च्या पानावरची बारीक अक्षरं आणि समासातलं लिखाण यात तो अर्धा इंच रोज जाणवतो. आयपॅडचा आकार तर जवळपास ए४ च्याच मापाचा आहे, पान टाकलं की वर-खाली काळ्या पट्ट्या पण फार राहत नाहीत.

पण आयपॅडची एक गोष्ट सांगायला पाहिजे. या साध्या आयपॅडची काच आणि आतली स्क्रीन चिकटवलेली नाही, मधे थोडी पोकळी आहे. पेन टेकवला की टक टक आवाज येतो आणि रेघ पेनाच्या टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी दिसते. काही जणांना आठ दिवसात सवय होते, काही जणांना कधीच होत नाही. हे व्हिडिओत कळत नाही, हातात घेऊन स्वतःचं नाव दहा वेळा लिहून बघायला लागतं. आणि लिहून बहिणीनं बघायचं, तुम्ही नाही. अक्षर तिचं आहे.

गोदाकाठचा
ताई, एवढं मनापासून लिहिलंत, खरंच आभार. रुंदीचं माझ्या ध्यानातच आलं नसतं. नेतो तिला दुकानात.

अजून दोन शंका. आमच्याकडं उन्हाळ्यात काय होतं तुम्हाला माहीतच आहे, लातुरात पण पत्र्याच्या खोल्या आहेत कुठं कुठं. टॅब तापून बंद पडतो का? आणि लाईट गेली की काय?

परभणीचा_वायरमन
तापतो, आणि तिन्ही तापतात. ॲपल स्वतःच सांगतं की आयपॅड ० ते ३५ अंशात वापरायचा. आता आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस तर रोजचंच, घरात पंखा चालू असला तरी छत्तीस-सदतीस राहतंय. मग होतंय काय, आधी स्क्रीनचा उजेड आपोआप कमी होतो, मग चार्जिंग थांबतं, आणि लई झालं तर सूचना दाखवून बंद. मशीन खराब झालं असं नाही, स्वतःला वाचवायलं ते.

उपाय साधा आहे. चार्जिंगला लावून लेक्चर बघायचं नाही, ती सवय पहिल्या दिवसापासून लावा. दोन्ही एकत्र केलं की जास्त तापतं. चार्जिंग पहाटे नाहीतर रात्री, कव्हर काढून, गादीवर ठेवायचा नाही, फरशीवर ठेवायचा. दुपारी बाराच्या उन्हात सॅकमधी टाकून पायी क्लासला गेलं की टॅब पोचेपर्यंत भाजून निघतो, त्याला लगेच चार्जरला लावायचं नाही, दहा मिनिटं पंख्याखाली राहू द्यायचा. जाड रबरी कव्हर पडण्यापासून वाचवतं पण उष्णता पण धरून ठेवतं हे लक्षात ठेवा.

लाईटचं म्हणाल तर टॅबची बॅटरी दिवस काढते, आठ-नऊ हजार एमएएचच्या आहेत अँड्रॉइडवाल्या. लाईट गेल्यावर बंद पडतं ते वायफाय. राउटरला बारका डीसी यूपीएस मिळतो, हजार-बाराशेत येतो, १२ व्होल्टचा बघून घ्या. होस्टेलवाल्याला म्हणावं तूच बसव, सगळ्या पोरींचं काम होईल.

धाराशिवची आई
माझ्या मुलाचं मागच्या वर्षी नीट झालं. मला थोडं वेगळं सांगायचंय, राग मानू नका. २०२५ ची नीट कॉम्प्युटरवर नव्हती, ओएमआर शीटवर काळ्या बॉलपेननं गोल भरायचे होते. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं होती, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पोरं टॅबवर टेस्ट देऊन देऊन बोटानं ऑप्शन दाबायला सरावतात आणि खऱ्या पेपरात गोल भरताना वेळ जातो. माझ्या मुलाच्या बाबतीत सरांनी आम्हाला आधीच बजावलं होतं, त्यामुळं आम्ही दर रविवारी छापील पेपर आणि छापील ओएमआर असंच करायचो, झेरॉक्सवाला ओळखीचा झाला होता.

टॅब घ्या, नको म्हणत नाही, होस्टेलवर लागतोच. पण पस्तीस हजारातले चार-पाच हजार प्रिंट आणि टेस्ट सिरीजच्या कागदाला राखून ठेवा. फिजिक्सची गणितं कागदावरच झाली पाहिजेत. जेईई मेन आणि सीईटी कॉम्प्युटरवर असतात, त्यांची गोष्ट निराळी.

अंबाजोगाईची
काकूंचं शंभर टक्के बरोबर. टॅब वाचायला आणि चुका टिपायला, पेपर सोडवायला कागदच.

संभाजीनगर_सिडको
शाओमीला सगळ्यांनी एवढं बाजूला टाकू नका हो. मी पॅड ७ वापरतोय. स्क्रीन ३.२के, १४४ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलतं), अक्षर एकदम छापल्यासारखं दिसतं, आयपॅडची ६० हर्ट्झच आहे. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन ३ आहे, दोन-तीनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ लगेच उघडते, एकीकडं लेक्चर आणि एकीकडं नोट्स लावलं तरी अडखळत नाही. एस९ एफईचा एक्सिनॉस १३८० जड पीडीएफला पान उलटताना थांबतो, मी मित्राचा बघितलाय. त्याच पैशात शाओमी जास्त देतंय ही वस्तुस्थिती आहे.

कमी आहे ते पण सांगतो. मेमरी कार्ड नाही, सिम नाही, फिंगरप्रिंट नाही. कार्ड नसल्यामुळं १२८ वाल्यात लेक्चर डाउनलोड करून करून जागा भरते.

नांदेडचा दुकानदार
सिडकोवाले दादा, मशीन म्हणून पॅड ७ भारी आहे, त्यात वादच नाही. पण लातुरात काच फुटली तर टॅबची काच किती दिवसात मिळते हे विचारून घ्या. फोनची काच सगळीकडं मिळते, टॅबची मागवायला लागते, आणि ती कोणत्याही कंपनीची असो. कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला की जवळचं सर्व्हिस सेंटर दिसतं, लातूरचा पिनकोड टाका, तुमच्या गावचा नाही, कारण टॅब तिथं राहणार. तिथं फोन लावून सरळ विचारा की या मॉडेलची स्क्रीन बदलता का आणि किती पैसे घेता. घ्यायच्या आधी एवढं केलं की नंतर पुण्याला कुरिअर करत बसायची वेळ येत नाही.

कार्डाचं एक लक्षात घ्या. क्लासच्या ॲपमधलं लेक्चर बहुतेक वेळा कार्डावर जातच नाही, ॲप ते आतल्या मेमरीतच लपवून ठेवतं, कोणी कॉपी करू नये म्हणून. कार्डाचा उपयोग पीडीएफला आणि स्वतःच्या फायलींना. त्यामुळं कार्ड आहे म्हणून खूश होऊ नका आणि नाही म्हणून नाराज पण होऊ नका.

आणि आयपॅड घेणाऱ्यानं क्लासला आधी विचारायचं की तुमचं ॲप आयपॅडवर आहे का. मोठ्या कंपन्यांचं असतं. आपल्याकडच्या क्लासेसचं प्ले स्टोअरवर त्यांच्या नावानं असतं, पण ॲपलकडं कधी कधी दुसऱ्याच नावाच्या ॲपमधी कोड टाकून जावं लागतं, आणि कोणाकोणाचं नसतंच. हे न विचारता आयपॅड घेतलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं परत आलीत.

औंढ्याचे गुरुजी
एक महत्त्वाचं राहिलं. मुलगी ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असेल तर टॅब विकत घेण्याआधी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची जाहिरात बघा. जेईई, नीट, सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासोबत टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा देण्याची त्यांची योजना आहे. दहावी झालेल्या मुलांकडून अर्ज मागवतात, नॉन-क्रिमीलेयर लागतं. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या मुलांना मी स्वतः बसून फॉर्म भरून देतो, कारण नेटकॅफेत जन्मतारीख नाहीतर प्रवर्ग चुकीचा पडतो आणि मग मुलाचं नाव यादीत येत नाही. ज्यांना बसतंय त्यांनी सोडू नका, हा तुमच्या हक्काचा पैसा आहे.

तो टॅब साधा असतो, त्याच्याकडून आयपॅडची अपेक्षा ठेवू नये, पण लेक्चर आणि पीडीएफला चालतो. पस्तीस हजार वाचले तर होस्टेलची मेस निघते.

गोदाकाठचा
गुरुजी, आम्ही त्यात बसत नाही, पण आमच्या गल्लीतल्या दोन पोरांना आत्ताच लिंक पाठवली.

आता माझं सांगतो. बहिणीला घेऊन दुकानात गेलो, तिन्ही समोर ठेवायला लावले. अंबाजोगाईच्या ताईंनी सांगितल्यासारखं तिला नाव लिहायला लावलं, पण तिनं नाव नाही लिहिलं, पेशीची आकृती काढली, मायटोकॉन्ड्रिया वगैरे, आणि बाण काढून मराठीत नावं टाकली. आयपॅडवर ती दोनदा थांबली, म्हणली रेघ सरकल्यासारखी वाटायलीय. शाओमीवर अक्षर लई छान आलं. सॅमसंगवर पण पटापट काढली आणि पेन मागं चिकटवून ठेवलेला तिला आवडला. मी रुंदीचा विषय काढला तर म्हणली आडवा धरून अर्धं अर्धं पान वाचीन, मला तसंच बरं वाटतं.

क्लासला फोन केला, त्यांचं ॲप आयपॅडवर नाही. मग आयपॅड आपोआपच गेला. शाओमी आणि सॅमसंगमधी पेनच्या सहा हजारांवर गाडी अडली. लातूरच्या सर्व्हिस सेंटरला पण विचारलं. एस९ एफई सेलमधी पडलाय, ऑर्डर करायलोय, कव्हर-काच-इअरफोन धरून बत्तीसच्या आत बसतंय. उरलेले काकू म्हणल्या तसे प्रिंटला. सिडकोवाले दादा, तुमचं मशीन वेगवान आहे हे मान्य, पण तिला पान उलटताना अर्धा सेकंद लागला तर चालेल, पेन हरवला तर सहा हजार आम्हाला परत जमणार नाहीत.

संभाजीनगर_सिडको
पटलं. तिच्या हाताला जे बसलं तेच घ्या.

जालनेकर
ॲप नाही म्हणल्यावर विषयच संपला. आमच्या पुण्यातल्या पोरांना ही अडचण येत नाही म्हणून मला सुचलं नाही. ऑनलाइन मागवताय तर विक्रेत्याचं नाव बघा, डबा उघडताना एका हातानं व्हिडिओ काढा आणि सिरीयल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते त्याच दिवशी तपासा. माझ्या भावाला एका साइटवरून सीलबंद म्हणून आलेल्या टॅबची वॉरंटी चार महिने आधीच सुरू झालेली निघाली, परत करायला फार त्रास झाला.

लातूर_औसारोड
पोहोचल्यावर अजून एक करा. गूगल खातं घरच्यांच्या नंबरवर काढा आणि फॅमिली लिंक (पालकांना ॲपची वेळ ठरवता येते ती गूगलची सोय) लावून द्या, पण पोरीला सांगून लावा, चोरून नको. माझी भाची इथंच शिकायलीय, आम्ही तिच्याशी बसून ठरवलं की रात्री साडेदहाला यूट्यूब बंद, क्लासचं ॲप चालू. तिनंच वेळ सांगितली म्हणून कधी भांडण नाही झालं. आणि पासवर्ड वहीत लिहून अण्णांकडं ठेवा, टॅब रिसेट केला की जुनंच खातं मागतो, त्यावेळी कोणालाच आठवत नाही.

हिंगोलीकर
धागा चांगला चाललाय म्हणून इथंच विचारतो. मला शेतासाठी बघायचाय, हळदीचे व्यवहार, सातबारा, आणि ई-पीक पाहणी मोठ्या स्क्रीनवर करावी म्हणतो, डोळ्याला चष्मा लागलाय. वरच्यापैकी कोणता चालेल?

परभणीचा_वायरमन
भाऊ, ई-पीक पाहणीला बांधावर उभं राहून फोटो काढायचा असतो आणि त्यात ठिकाण नोंदलं जातं, म्हणजे जीपीएस पाहिजे. वायफायवाल्या आयपॅडला जीपीएस नसतं, फक्त सिमवाल्या मॉडेलला असतं, आणि नव्या आयपॅडमधी ते सिम पण ई-सिमच आहे, साधं कार्ड बसत नाही. अँड्रॉइडमधी कोणाला आहे कोणाला नाही, स्पेसिफिकेशनमधी जीपीएस शब्द लिहिलेला असला तरच घ्या. शेतात वायफाय कुठून आणणार, म्हणून तुम्हाला सिमवालाच लागतो, आणि उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे, ते दुकानाबाहेर रस्त्यावर नेऊन बघा. माझं ऐकाल तर पाहणी मोबाईलवरच करा आणि घरी वाचायला-हिशोबाला दहा-अकरा इंचाचा पंधरा हजारातला साधा टॅब घ्या, पेन नको का काही नको. अक्षर मोठं करायची सोय सेटिंगमधी डिस्प्लेत आहे, फॉन्ट आणि आयकॉन दोन्ही वाढवा, नुसता फॉन्ट वाढवला तर बटणं बारकीच राहतात.

हिंगोलीकर
हे बेस झालं. सिमवाल्यात पंधराच्या आसपास कोणते आहेत ते उद्या दुकानात बघून इथंच टाकतो.